वक्र भिंतीचं जीएफसी ड्रॉइंग कसं काढता? लाइनआउटच्या दृष्टीनं सल्ला हवा आहे

कौलारू
नमस्कार मंडळी.

कराडला माझं छोटं आर्किटेक्चर ऑफिस आहे, मी धरून तीन माणसं. सध्या जवळच्या एका गावच्या वाचनालयाचं काम हातात आहे. प्लॉटच्या मध्यात जुनं चिंचेचं झाड आहे आणि ते ठेवायचंच, हे गावानं पहिल्याच बैठकीत ठरवलं. त्यामुळे वाचनकक्षाची भिंत झाडाला वळसा घालते, पुढे उलटी वळते आणि प्रवेशापाशी येऊन थांबते. लांबी साधारण ४२ मीटर, २३० मिमीची उघडी वीट, मध्ये मध्ये आरसीसीचे कॉलम. प्रवेशावर ८ बाय ८ मीटरचा खोगिरासारखा स्लॅब आहे.

डिझाइन सगळ्यांना आवडलंय. माझी काळजी पुढची आहे. भिंत मी ऱ्हायनो सॉफ्टवेअरमध्ये स्प्लाइननं, म्हणजे मुक्त वळणाऱ्या रेघेनं, काढली होती. आता तीन आठवड्यांत साइटला जीएफसी सेट ('गुड फॉर कन्स्ट्रक्शन', ज्यावरून थेट बांधायचं ती ड्रॉइंग) द्यायचाय. कंत्राटदार तालुक्याचाच आहे. त्याचे गवंडी आणि सेंट्रिंगवाले हाताचे चांगले आहेत, पण टोटल स्टेशन (बिंदू अचूक मोजून देणारं सर्व्हेचं यंत्र) भाड्यानं एकच दिवस मिळणार.

घाबरण्याचं कारणही सांगते. सहा वर्षांपूर्वी एका शाळेचं गोल सभागृह केलं होतं, त्रिज्या ९.५ मीटर. प्लॅनवर ही त्रिज्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला दिली होती, सेक्शनवर (उभ्या छेदावर) मात्र तेच माप आतल्या अंगाला पडलं होतं. साइटवर सेक्शन धरून लाइनआउट, म्हणजे जमिनीवरची आखणी, झाला. लक्षात आलं तेव्हा निम्मे कॉलम प्लिंथपर्यंत आले होते, सगळे २३० मिमीनं सरकलेले. दुसरी चूक खिडक्यांची. एलेव्हेशन (भिंतीचं दर्शनी चित्र) समोरून काढलेलं, त्यामुळे कडेच्या खिडक्या अरुंद दिसत होत्या. १५०० ची खिडकी ६० अंश वळलेली असेल तर कागदावर ७५० च दिसते. फॅब्रिकेटरनं कागदावरून माप घेतलं आणि चार चौकटी पुन्हा कराव्या लागल्या. ड्रॉइंग माझ्या ऑफिसचं होतं, चूक माझीच.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. सरळ भिंतीचं ड्रॉइंग बघून गवंडी काम सुरू करतो. वक्र भिंतीचं ड्रॉइंग बघून तो माझ्याकडे बघतो. त्याला कागदावर नेमकं काय मिळायला हवं?

साइटवरचा_सदा
ताई, २२ वर्षं साइट इंजिनिअर आहे, म्हणून आमच्या बाजूनं सांगतो.

आम्हाला वक्राचं चित्र नको असतं. कुठे उभं राहायचं, टेपचा शून्य कुठे धरायचा आणि किती मोजून खुंटी ठोकायची, एवढं हवं असतं. हे तीन सांगितलंत तर आमचा मिस्त्री जगातली कुठलीही भिंत उभी करेल.

बऱ्याच शीटवर नुसता कंस असतो, त्याला एक बाण आणि 'आर ९५००'. केंद्र कुठे आहे ते सांगत नाहीत. ऑफिसला फोन केला की "कॅडमध्ये क्लिक करून बघा" म्हणतात. क्लिक केलं तर तो कंसच नसतो, शेकडो बारक्या रेघांची पॉलिलाइन असते, कारण कुणीतरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट केलेली. केंद्र नाही, त्रिज्या नाही. मग आम्ही अंदाजानं फक्की मारतो.

तुमच्या स्प्लाइनचं तर तेच होणार. तिला एक केंद्रच नसतं, त्रिज्या पावलापावलावर बदलते. दोरी कुठून ओढायची?

आरसीसीवाला
सदाशी पूर्ण सहमत. पहिलं काम, स्प्लाइन मोडा आणि तिच्या जागी एकमेकांना स्पर्शून जाणारे कंस बसवा. ४२ मीटरला तीन-चार पुरतील.

जिथे एक कंस संपून दुसरा सुरू होतो तिथे दोघांची स्पर्शिका एकच हवी, तरच खोच दिसत नाही. त्यातून एक फुकटची तपासणीही मिळते. दोन्ही केंद्रं आणि जोडबिंदू नेहमी एका सरळ रेषेत येतात. दोन्ही कंस एकाच बाजूला वळत असतील तर केंद्रांमधलं अंतर म्हणजे त्रिज्यांची वजाबाकी, उलट वळत असतील तर बेरीज. साइटवर टेप लावून हे अर्ध्या मिनिटात कळतं. ही ओळ शीटवर लिहा.

नीट बसवलेले कंस मूळ स्प्लाइनपासून ३०-४० मिमीपेक्षा फार दूर जात नाहीत आणि उघड्या विटेत ते डोळ्याला कळत नाही. चकचकीत काचेचा किंवा पत्र्याचा दर्शनी भाग असता तर वेगळा सल्ला दिला असता. त्यात प्रतिबिंब पडतं आणि त्रिज्या एकदम बदलते तिथे ते मोडलेलं दिसतं.

दोहा_ते_डोंबिवली
थोडा विरोधी सूर लावतो. मी आखातात मोठ्या दर्शनी भागांच्या कामावर आहे. इथे वक्र पृष्ठभागाची ड्रॉइंग जवळपास नसतातच. मॉडेल हाच दस्तऐवज. फॅब्रिकेटर मॉडेलमधून पॅनेल उचलतो, मशीन कापतं, प्रत्येक पॅनेलला नंबर, सर्व्हेअर टोटल स्टेशननं चार कोपरे जुळवतो, झालं. बिल्बाओचं गुगनहाइम १९९७ मध्ये उघडलं. फ्रँक गेरींच्या ऑफिसनं ते विमान उद्योगातलं कॅटिया सॉफ्टवेअर वापरून उभं केलं. तिथे प्लॅन-सेक्शन काढत बसले असते तर ती इमारत झालीच नसती. आता इतक्या वर्षांनी आपण स्प्लाइन मोडून कंस बसवतोय, हे डिझाइनचं नुकसान नाही का?

साइटवरचा_सदा
दादा, तुमच्याकडे सर्व्हेअर रोज साइटवर असतो. ताईंकडे एक दिवस आहे. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं चार खुंट्या उपटल्या तर मॉडेल कोण उघडणार?

सिडनीकर
इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या शहरात राहतो तिथलीच आहे आणि धाग्याला अगदी लागू पडते.

ऑपेरा हाउसची स्पर्धा योर्न उटझन यांनी १९५७ मध्ये जिंकली. तेव्हाच्या रेखाटनांत छताचे शिंपले मुक्तहस्त होते, त्यांना भूमितीची व्याख्याच नव्हती. बांधकाम १९५९ मध्ये सुरू झालं, तरी छत कसं बांधायचं ते ठरलेलं नव्हतं. ओव्ह अरुप यांच्या इंजिनिअरांनी एकामागून एक आकार तपासले. प्रत्येक शिंपल्याचा बाक वेगळा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला वेगळा साचा. ते परवडणारं नव्हतं.

१९६१ च्या सुमारास उत्तर सापडलं. सगळे शिंपले एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापायचे. त्रिज्या २४६ फूट, म्हणजे सुमारे ७५ मीटर. गोलाचा बाक सगळीकडे सारखा असतो, त्यामुळे ठरावीक साच्यांतून फासळ्यांचे तुकडे ओतता आले आणि दहा लाखांवर टाइल्स आधी जमिनीवरच पॅनेलांत बसवून वर चढवता आल्या. इमारत १९७३ मध्ये उघडली.

दोहावाल्या मित्रांना एवढंच म्हणेन की उटझन यांनीही मूळ वक्र मोडलाच होता. आज आपण डोळे भरून बघतो तो आकार त्या मोडण्यातून आलाय. शिंपल्यांना एक त्रिज्या मिळाली आणि ते जास्त सुंदर झाले असं मला मनापासून वाटतं.

कौलारू
सिडनीकर, हे वाचून धीर आला. मनात तीच बोच होती.

दिल्लीचं कमळ मंदिर आठवलं. फरीबोर्झ साहबा यांचं डिझाइन, १९८६ मध्ये खुलं झालं. कॉलेजच्या सहलीत त्या २७ पाकळ्यांखाली उभी राहून हे कुणी कसं काढलं असेल याचा विचार करत बसले होते. नंतर कळलं की पाकळ्यांचे पृष्ठभाग गोल, वृत्तचिती, शंकू आणि वलयाकृती अशा व्याख्या करता येणाऱ्या आकारांत बसवले, त्यांची समीकरणं मांडली आणि तपशीलवार ड्रॉइंग पूर्ण व्हायला अडीच वर्षांहून जास्त लागली. कमळ दिसतं फुलासारखं, बांधलं गेलं ते शंकू आणि गोल म्हणून.

ठरलं तर. आज तीन कंस बसवले. झाडाभोवती १८ मीटर त्रिज्या, तिला लागून ९.५ मीटर त्रिज्येचा बरोबर ९० अंशांचा कंस, मग उलटा २४ मीटरचा. मूळ रेघेपासून जास्तीत जास्त ३६ मिमी फरक. मी स्वतः दोन्ही एकावर एक ठेवून बघितलं, मला ओळखू आलं नाही.

आता नवी अडचण. पहिल्या दोन कंसांची केंद्रं आमच्याच प्लॉटमध्ये आहेत, तिथे खुंटी ठोकता येईल. २४ मीटरचं केंद्र मात्र शेजारच्या उसात पडतंय.

आरसीसीवाला
केंद्र विसरा आणि जीवेवरून मोजा. कंसाची दोन टोकं टोटल स्टेशननं पक्की करा, मध्ये दोरी ताणा, दोरीच्या मध्यापासून दोन्हीकडे दर मीटरला काटकोनात किती बाहेर जायचं त्याचा तक्ता द्या. तुमची जीवा किती?

कौलारू
१२ मीटर.

आरसीसीवाला
मग त्रिज्या २४ आणि जीवा १२ धरून आकडे असे. मध्यावर ७६२ मिमी. मध्यापासून १ मीटरवर ७४१, २ मीटरवर ६७९, ३ वर ५७४, ४ वर ४२६, ५ वर २३५, ६ वर शून्य. दोन्ही बाजूंना तेच. सात आकड्यांत अख्खा कंस आला. गुण्या, टेप आणि दोरी एवढंच लागतं. खुंट्या गेल्या तरी मिस्त्री एकटा परत आखू शकतो.

उलटी तपासणीही लिहून ठेवा. जीवेचा वर्ग भागिले मध्यउंचीची आठपट, अधिक मध्यउंचीचा निम्मा, म्हणजे त्रिज्या. १४४ भागिले ६.०९६, अधिक ०.३८१. उत्तर २४ यायला हवं.

गणित_गोडी
मी आर्किटेक्ट नाही, निवृत्त गणित शिक्षक आहे. हा धागा वाचताना एकदम थांबलो. आरसीसीवाल्यांनी दिलेला नियम भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे! ते मध्यउंचीला 'शर' म्हणतात, म्हणजे बाण. धनुष्य, त्याची दोरी ती जीवा, आणि मध्ये लावलेला बाण तो शर. अर्ध्या जीवेचा वर्ग शरानं भागायचा, त्यात शर मिळवायचा की व्यास मिळतो. त्यांचं उदाहरण व्यास १०, जीवा ६, शर १. ताळा करा, ९ भागिले १, अधिक १, बरोबर १०. बाराव्या शतकातली गोष्ट. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं मठ काढला, त्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळ पाटण्याला आहे.

वर्गात हे शिकवताना "सर, याचा उपयोग काय" असं मुलं विचारायची. त्यांना आता या वाचनालयाची भिंत दाखवायला नेईन.

कौलारू
सर, नक्की या. शीटवर मी आता 'मध्यउंची' ऐवजी 'शर' लिहिणार आहे.

मालवणी_तांडेल
आमच्या घरात होड्या बांधायचे. तुमचा तो उंचीचा तक्ता वाचून आजोबा आठवले. जहाजबांधणीत हे जुनंच आहे. मोठ्या गोद्यांत जहाजाच्या अंगाची मापं तक्त्यात असत, ठरावीक अंतरावर मध्यरेषेपासून किती रुंद आणि तळापासून किती उंच. त्यावरून मोठ्या लाकडी जमिनीवर पूर्ण मापाचं रेखाटन काढायचं आणि त्यावरून बरगड्यांचे फर्मे कापायचे.

तुम्ही लोक ज्याला स्प्लाइन म्हणता तो शब्दही तिथलाच. लाकडाची बारीक लवचीक पट्टी, शिशाच्या वजनांनी जागेवर धरायची, ती जशी वाकते तशी रेघ मारायची. आजोबांकडे कागद नव्हता, पट्टी मात्र होती. चार खुंट्यांना पट्टी लावली की ती स्वतः सांगायची की एक खुंटी चुकली. पट्टीला पोक आलं तर माप खोटं.

तुमच्या गवंड्यालाही अशी पट्टी द्या. खुंट्या ठोकून झाल्या की प्लायची तीन इंची पट्टी लावून नजरेनं बघायचं. आकड्यात राहिलेली चूक डोळ्याला दिसते.

साइटवरचा_सदा
तांडेलकाका, हे सोन्यासारखं आहे. आम्ही प्लिंथच्या पीसीसीवर (साध्या काँक्रीटच्या थरावर) कधीकधी पूर्ण मापाचं आखून घेतो, पण पट्टी लावून तपासायचं सुचलं नव्हतं.

ताई, बाकी गोष्टी सुचतील तशा लिहितो.

त्रिज्या कुठल्या अंगाला आहे ते प्रत्येक ठिकाणी अक्षरात लिहा, 'बाहेरचं अंग'. आणि अख्ख्या सेटमध्ये एकच अंग धरा. तुमच्या शाळेत जे झालं ते मी तीन साइटवर बघितलंय.

मापं साखळीनं देऊ नका. इथून इथे दोन मीटर, पुढे दोन मीटर, असं २० वेळा मोजलं आणि दर वेळी ३ मिमी हललं की शेवटी ६० मिमी जातात. सगळी मापं एकाच शून्यापासून चढती द्या.

कोऑर्डिनेटचा आरंभबिंदू प्लॉटच्या बाहेर नैऋत्येला ठेवा, म्हणजे सगळे आकडे अधिकच येतील. उणे चिन्ह झेरॉक्समध्ये पुसलं जातं आणि कॉलम भलतीकडे जातो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि विटा कापायच्या का, हे विचारतील. ९.५ मीटरला गरज नाही. आडव्या लावलेल्या विटेचा सांधा आत १० मिमी धरला तर बाहेर १३ च्या आसपास उघडतो. तेवढं चालतं. पण हे शीटवर लिहा, नाहीतर कुणीतरी उगाच कटर चालवत बसेल.

फॅब्रिकेशन_भोसरी
खिडक्यांबद्दल बोलतो. आम्हाला उलगडलेलं एलेव्हेशन द्या. वक्र भिंत कागदाच्या पट्टीसारखी सरळ केली तर जशी दिसेल तसं. त्यात प्रत्येक खिडकी खऱ्या रुंदीची दिसते. नेहमीचं एलेव्हेशन असू दे, पण त्यावर मोठ्या अक्षरांत 'मापं उलगडलेल्या एलेव्हेशनवरून घ्यावीत' लिहा.

उलगडताना कुठलं अंग धरलंय तेही लिहा. बाहेरची आणि आतली लांबी सारखी नसते.

आरसीसीवाला
हो, आणि तो फरक त्रिज्येवर अवलंबून नसतो, फक्त भिंतीची जाडी आणि किती वळली यावर असतो. ९० अंश वळणाऱ्या २३० च्या भिंतीत आत-बाहेर ३६१ मिमीचा फरक पडतो, त्रिज्या ९.५ असो की ९५. एक छोटा खांब बसेल एवढं अंतर आहे.

फॅब्रिकेशन_भोसरी
बरोबर. अजून एक. चौकट वक्र करायची की सरळ, हे आधीच ठरवा. सरळ चौकट वक्र भिंतीत बसवली की मध्यावर भिंत पुढे येते. ९.५ मीटर त्रिज्येत १२०० ची चौकट असेल तर साधारण १९ मिमी, ६०० ची असेल तर ५ मिमीच्या आत. म्हणजे रुंदी निम्मी केली की फरक चौथ्या हिश्शावर येतो. ६०० च्या अरुंद उभ्या खिडक्या केल्यात तर सरळ काच, सरळ सेक्शन, कुणाला कळणारही नाही आणि खर्च निम्म्याहून खाली. वक्र काच मागवली की किंमत आणि वाट बघणं, दोन्ही वाढतं.

सिडनीकर
लंडनच्या ३० सेंट मेरी ॲक्सचं हेच आहे, ती काकडीसारखी इमारत. अख्खी गोलाकार दिसते, पण वक्र काच एकच, अगदी माथ्यावरची टोपी. बाकी सगळ्या सपाट काचा.

दोहा_ते_डोंबिवली
हे मान्य. आमच्याकडेही आधी पॅनेल मोजतात. सपाट किती, एका दिशेनं वाकलेली किती, दोन्ही दिशांनी वाकलेली किती. तिसऱ्या प्रकारातली जेवढी कमी करता येतील तेवढी करायची. पहिल्या प्रतिसादात मी फक्त साधनाबद्दल बोललो, पण मॉडेल असो की कागद, आधी आकाराची व्याख्या हवीच. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रेट कोर्टच्या छतात ३,३१२ काचा आहेत आणि सगळ्या वेगळ्या, पण ती जाळी गणितानं मांडलेली आहे. काचा त्रिकोणी का, तर तीन बिंदू नेहमी एका प्रतलात असतात. चार बिंदू असतीलच असं नाही, चौकोन पिळला जातो.

कौलारू, एक विनंती. मॉडेल आणि ड्रॉइंगमध्ये फरक निघाला तर कुठलं खरं मानायचं, हे करारात आणि पहिल्या शीटवर लिहा. आमच्याकडे सगळ्यात कडवट भांडणं यावरूनच होतात. तुमच्या बाबतीत मी म्हणेन, कोऑर्डिनेटचा तक्ता अंतिम. काढलेली रेघसुद्धा नाही, तक्ता. आणि तक्त्यावर तोच रिव्हिजन नंबर जो ड्रॉइंगवर.

पुस्तकवेडी
मला बांधकामातलं काही कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. एक भाबडा प्रश्न. भिंत जमिनीवर आखता येते हे कळलं. पण ते खोगिरासारखं छत? ते तर हवेत आहे, आणि दोन्हीकडून वाकलेलं. तिथे दोरी कशी लावणार?

कौलारू
ताई, प्रश्न भाबडा नाही, तोच माझा दुसरा प्रश्न होता. पण तुम्ही विचारलंत म्हणून मीच उत्तर शोधत बसले आणि सापडलं.

खोगिराचा आकार दिसतो वाकडा, पण तो सरळ रेषांनी भरलेला असतो. दोन समोरासमोरच्या कडा घ्या, दोन्हींचे सारखे आठ भाग करा, समोरासमोरचे बिंदू सरळ काठीनं जोडा. सगळ्या काठ्या सरळ, तरी त्यांनी तयार झालेला पृष्ठभाग वळलेला. घरी सुतळी आणि चार पट्ट्या घेऊन करून बघा, मी कालच मुलीबरोबर केलं. मेक्सिकोत फेलिक्स कँडेला यांनी १९५८ मध्ये सोचिमिल्कोच्या एका उपाहारगृहावर असं छत केलं. काँक्रीटची जाडी जेमतेम ४ सेंटिमीटर, आणि शटरिंग सरळ फळ्यांचं.

आमच्या छताचे दोन समोरासमोरचे कोपरे ३.००० मीटरवर आणि दुसरे दोन ४.८०० वर आहेत. प्रत्येक कड मीटरला २२५ मिमी चढते किंवा उतरते. दर मीटरला एक टेकू धरला तर ९ गुणिले ९, म्हणजे ८१ टेकूंच्या उंच्या. मी त्याचा तक्ता करतेय.

आरसीसीवाला
छान. मध्यरेषेवरचे सगळे टेकू ३.९०० वर यायला हवेत, दोन्ही दिशांना. म्हणजे सेंट्रिंगवाला पाण्याची नळी लावून एका मिनिटात तपासू शकतो. हे शीटवर ठळक लिहा.

पण तुमच्या ८१ उंच्या स्लॅबच्या वरच्या अंगाच्या आहेत की खालच्या? आर्किटेक्ट बहुतेकदा वरचं अंग काढतात. सेंट्रिंगवाल्याला खालचं लागतं, फळी तिथे बसते. आणि नुसती जाडी वजा करून चालत नाही. जाडी पृष्ठभागाला काटकोनात मोजतात, टेकू उभा असतो. कोपऱ्यात उतार जवळपास १८ अंश आहे, तिथे १०० मिमीचा स्लॅब उभ्या रेषेत १०५ होतो. मध्यावर १००च. ५ मिमी फार नाही, पण इतक्या पातळ स्लॅबमध्ये कव्हरच (गजांवरचं काँक्रीट) थोडं असतं, तिथे ते मोजलं जातं.

गजांचंही सांगतो. ८ मिमीचे गज या सरळ रेषांच्या दिशेनंच टाका, वाकवावे लागणार नाहीत. कर्णाच्या दिशेनं टाकलेत तर प्रत्येक गजाचा बाक वेगळा आणि बीबीएस (गज कापण्या-वाकवण्याचा तक्ता) लिहिता लिहिता पुरेवाट होईल.

कौलारू
सर, वरच्याच अंगाच्या होत्या. आता खालच्या अंगाच्या काढते. हे तुम्ही विचारलं नसतं तर मी तशाच दिल्या असत्या.

जेजेचा_विद्यार्थी
मी जे.जे.ला चौथ्या वर्षाला आहे. आम्हाला वक्र काढायला शिकवतात, पण असं शिकवत नाहीत. एक विचारू? बाळकृष्ण दोशी यांची अहमदाबादची गुफा बघून आलो. फेरोसिमेंटची, कुठेच सरळ रेघ नाही. तीही अशा तक्त्यांनी बांधली असेल?

कौलारू
गुफा हा या धाग्याला खरा उलटा दाखला आहे. दोशी मूळचे पुण्यात जन्मलेले आणि तुमच्याच कॉलेजात शिकलेले. ज्यांच्या चित्रांसाठी ती गुफा बांधली ते एम. एफ. हुसेन पंढरपूरचे. आकार सोडवायला तिथे संगणक वापरला होता, पण बांधताना कामगारांनी साधी हातची अवजारं घेतली, जाळी वाकवली, हातानं मसाला लावला, शटरिंगशिवाय. फेरोसिमेंटचं कवच स्वतःला सावरतं आणि आत काचेची चौकट बसवायची नाही. तिथे १०-२० मिमी इकडचे तिकडे झाले तरी काही बिघडत नाही, उलट हाताचा स्पर्श दिसतो.

म्हणून हल्ली मी आधी विचारते की या वक्राला पुढे येऊन काय टेकणार आहे. आमच्या भिंतीला खिडक्या आणि पुस्तकांची कपाटं टेकणार आहेत. सुतार कपाटं वर्कशॉपमध्ये करून आणणार. त्यामुळे आम्हाला तक्ता हवाच. चिंचेच्या पाराला मात्र मी एकही त्रिज्या दिलेली नाही. तिथे लिहिलंय, 'मुळं बघून गवंड्यानं जागेवर ठरवावे, आर्किटेक्टसमोर.'

जेजेचा_विद्यार्थी
हे वहीत लिहून ठेवलं.

कौलारू
(तीन आठवड्यांनी)

मंडळी, रविवारी लाइनआउट झाला. तुम्हा सगळ्यांचं ऋण आहे म्हणून सविस्तर लिहिते.

भिंतीचं एकच ए-१ शीट केलं. वर प्लॅन, त्यात तीन कंस, केंद्रं, जोडबिंदू. खाली तक्ता. बाजूला २४ मीटरच्या कंसाचे शर. टोटल स्टेशननं फक्त १० बिंदू घेतले, दोन केंद्रं, कंसांची टोकं आणि चार पक्के संदर्भखांब प्लॉटच्या कडेला काँक्रीटमध्ये. बाकी सगळं टेप आणि दोरीनं.

पहिल्या दोन केंद्रांमधलं अंतर १८ वजा ९.५, म्हणजे ८.५ मीटर यायला हवं होतं. टेपवर ८.५०४ आलं. २४ च्या कंसाचा मधला शर ७६२ ऐवजी ७६०. तांडेलकाकांची पट्टी लावली आणि ९.५ च्या कंसात एका जागी पोक दिसलं. बघितलं तर खुंटी दगडावर आपटून तिरकी गेली होती, वरचं टोक २५ मिमी सरकलेलं. आकडे तपासताना आम्ही खुंटीच्या बुडाशी टेप लावला होता, त्यामुळे सुटलं होतं.

मिस्त्रींनी शीट हातात घेतलं तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. सरळ पहिल्या केंद्राच्या खुंटीपाशी जाऊन उभे राहिले. मी सहा वर्षं याचीच वाट बघत होते.

त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो कागदावर नव्हता. पहिला थर कुठून सुरू करायचा, झाडाकडून की दारापासून? कारण सांधे बाहेर उघडत जातात, त्यामुळे अर्धी वीट शेवटी कुठेतरी येणारच, आणि ती दारापाशी आली तर वर्षानुवर्षं सगळ्यांना दिसणार. दारापासून सुरू करून अर्धी वीट झाडामागच्या कॉलमशी संपवायची असं तिथेच ठरलं. आज रात्री रिव्हिजन बी काढतेय, त्यात एक बाण आणि 'पहिली वीट' असं लिहिलंय.

छताचं शटरिंग दीड महिन्यानं. ८१ उंच्यांचं शीट दोन दिवसांत इथे टाकते. आरसीसीवाला सर, कोपऱ्याच्या चार ओळी तेवढ्या तुम्ही ताडून बघाल का?

आरसीसीवाला
टाका. गजांची दिशाही त्याच शीटवर दाखवा, वेगळ्या नको.